कमी गुण, चाळिशी आणि लॉ सीईटी: राजारामपुरीतल्या शनिवार-रविवारच्या क्लासबद्दल

लॉ सीईटीची, म्हणजे कायद्याच्या एलएलबी पदवीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करून घेणारा कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला हा क्लास मी २०२२ साली लावला. तेव्हा मी एका पतसंस्थेत वसुली विभागात कारकून होते. वय ४१, घरात दोन मुलं आणि सासूबाई. दहावीला ४३ टक्के. बारावीला इंग्रजी राहिलं होतं, ते ऑक्टोबरला निघालं. लग्नानंतर शिवाजी विद्यापीठातून बहिःस्थ बी.ए. केलं, ४८ टक्क्यांनी. गेल्या वर्षी एलएलबी झाले, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली, ऑल इंडिया बार परीक्षाही पास झाले. सीईटीचा निकाल लागला तेव्हाच हा अभिप्राय लिहिला असता तर तो अर्धवट राहिला असता, कारण या क्लासमध्ये जे मिळालं त्यातलं बरंचसं पुढच्या तीन वर्षांत कामी आलं. शाळेतले गुण बेताचे आणि वय वाढलेलं, अशा स्थितीत ज्यांना वकिलीकडे वळायचंय त्यांनी हे सविस्तर वाचावं. बाकीच्यांसाठी थोडक्यात: शिकवणं उत्तम, सराव परीक्षा कमकुवत, जागा अपुरी. पाचपैकी चार तारे.

वकील का व्हायचं होतं तेही सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम १०१ चे वसुली दाखले आणि चेक न वटल्याच्या १३८ च्या केसेस, या फायली काखोटीला मारून मी वर्षानुवर्षं संस्थेच्या वकिलांच्या मागे कोर्टात उभी राहिले. समोर बऱ्याचदा जामीनदार बायका असायच्या. नवऱ्यानं, दिरानं सही कर म्हटलं म्हणून सही केलेल्या. आपल्यावर नेमकी काय जबाबदारी आली आहे, नोटिशीला उत्तर द्यायचं असतं की नाही, काही माहीत नाही. मला त्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी काळा कोट लागतो.

क्लास शोधायला आधी मी शहरातल्या एका मोठ्या, एसी क्लासमध्ये गेले होते. तिथल्या मुलीनं फॉर्मवर पहिला रकाना भरायला लावला तो दहावीच्या टक्क्यांचा. आकडा बघून ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला फाउंडेशन घ्यावं लागेल, त्याचे वेगळे." पदवी कुठली, कशी केली, याची चौकशी तिनं केलीच नाही. इथे राजारामपुरीत उलट झालं. क्लास चालवणारे सर म्हणाले, "ताई, दहावी-बारावी पास आहात ना? मग त्या टक्क्यांचं काय करायचंय? बी.ए.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका दाखवा." चष्मा लावून त्यांनी स्वतः बेरीज केली. फीचा विषय त्यानंतर निघाला.

तीन वर्षांच्या एलएलबीला पाहिलं जातं ते पदवीचं: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. दहावी-बारावी उत्तीर्ण असणं पुरतं. ही एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यानं किती जण आपणहून मागे फिरतात हे मी क्लासच्या जिन्यात बसून पाहिलं आहे. एस.टी.त कंडक्टर असलेले एक दादा दहावीच्या ३८ टक्क्यांची लाज वाटून दोन वर्षं नुसतेच क्लासच्या दारापर्यंत येऊन जात होते. पदवीला त्यांना ५१ टक्के होते! सरांचा एकच आग्रह असायचा, की ४४.९ म्हणजे ४५ झाले असं धरून कुणी फी भरू नये.

दुसरी बाजूही सर तितक्याच स्पष्टपणे सांगायचे. आमच्या बॅचला पहिल्या शनिवारी कागलकडचे एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे. दहावीनंतर शाळा सुटलेली, पुढे मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. केलेलं, तेही ५६ टक्क्यांनी. आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले गुण. सरांनी कागद बघितले आणि त्यांना बाजूला घेऊन बसले. वकिलीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण तिच्याखाली दहावी-बारावीचा पाया असावा लागतो. बारावी न करता थेट घेतलेली पदवी एलएलबीच्या प्रवेशाला धरत नाहीत. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. सरांनी भरलेली फी तिथल्या तिथे परत केली आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी कशी करायची, ती ४५ टक्क्यांनी निघाली तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी कशी देता येते, हे कागदावर लिहून दिलं. ते पुढे बारावी झाले एवढं मला माहीत आहे. दुसऱ्या कुणी त्यांची फी खिशात घातली असती, आणि प्रवेशाच्या वेळी कागदपत्रं तपासताना हे उघड झालं असतं. मला या क्लासबद्दल आदर वाटतो तो सगळ्यात आधी या गोष्टीसाठी.

वयाचा प्रश्न प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच. त्याच २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० वर्षांची कमाल मर्यादा घातलेली होती. ती मधे मागे घेतली गेली, २०१६ मध्ये परत आणली गेली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. त्यामुळे चाळिशी, पन्नाशी, साठी, कुणीही सीईटी देऊ शकतं. न्यायाधीश होण्याबद्दल मात्र सर आशा लावत नसत. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला वयाची अट असते, आणि मे २०२५ पासून तीन वर्षांच्या वकिलीची अटही सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आणली आहे. आमच्या वयाला तो रस्ता जवळपास बंद आहे, हे आधी कळलेलं बरं.

आता शिकवण्याकडे येते. लीगल अ‍ॅप्टिट्यूडच्या, म्हणजे कायदेविषयक कल तपासणाऱ्या भागाच्या, तासाला सरांनी छापील नोट्स दिल्याच नाहीत. प्रत्येकाला एकेक बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराचं पुस्तक, आणायला लावला आणि प्रत्येकाला आपापल्या कामातलं एक कलम निवडायला सांगितलं. कंडक्टर दादांनी मोटार वाहन कायद्यातलं घेतलं, एका अंगणवाडी सेविकेनं पोटगीचं. मी १३८ घेतलं. मला वाटलं, हे आपल्याला पाठच आहे, नोटिसा टाइप करून करून. सरांनी वहीचं पान आडवं धरायला लावून चार रकाने आखायला सांगितले: कोणी, काय, किती दिवसांत, आणि नाही केलं तर काय. मग कलम वाचत वाचत एकेक तुकडा रकान्यात टाकायचा. शिक्षेचा भाग आधी येतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. आणि खाली परंतुकात, म्हणजे "परंतु" म्हणून येणाऱ्या भागात, त्या शिक्षेला लागणाऱ्या तीन अटी. चेक मुदतीत बँकेत गेला पाहिजे. तो परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत समोरच्यानं पैसे दिलेले नसले पाहिजेत. त्यानंतर तक्रारीला एक महिना, पण तो या कलमात नाहीच, तो १४२ मध्ये आहे. कलमात चेकची मुदत सहा महिने लिहिली आहे, प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आणली, तेही समासात लिहून घेतलं.

चार रकाने भरल्यावर सर म्हणाले, "आता ताई, तुमच्या संस्थेची एखादी जुनी नोटीस आठवा आणि सांगा, समोरच्याचा वकील कुठे बोट ठेवील?" इतकी वर्षं मी त्या नोटिसा घालत होते, पण समोरच्या बाजूनं त्यांच्याकडे बघायचं असतं हे त्या दुपारी पहिल्यांदा समजलं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कोणत्या तारखेला हाती आला याचा पुरावा फायलीत आहे का? पोच कुठे आहे? पाकीट "घर बंद" शेऱ्यानं परत आलं असेल तर? तासभर आम्ही एका कलमावर होतो. सीईटीच्या दृष्टीनं बघाल तर हा वेळ जास्त होता. एलएलबीच्या पहिल्या सत्रापासून मी प्रत्येक कलम असंच चार रकान्यांत वाचलं, आणि आजही ज्युनिअर म्हणून ब्रीफ, म्हणजे केसचे कागद, हाती आलं की आधी पान आडवं धरते.

शाळेत गुण कमी पडलेल्या माणसाला आपली स्मरणशक्तीच कमी आहे असं मनात बसलेलं असतं. सर पाठांतर मागतच नव्हते. वाचा, तोडा, मांडा, विचारा. पतसंस्था, एस.टी., अंगणवाडी, शेती, यात जगलेल्या माणसाला तारखा, मुदती, सह्या, पंचनामे हे सगळं आधीच ठाऊक असतं. कायद्याच्या पुस्तकात ते दिसायला लागलं की भीती जाते. कॉलेजात माझ्या वर्गात २२-२३ वर्षांची हुशार मुलं होती. मुदतीच्या कायद्याचा तास असला की तीच मुलं मला विचारायची, "मावशी, प्रत्यक्षात हे कसं करतात?"

इंग्रजीच्या मॅडम चांगल्या, पण त्यांना वेळ फार कमी दिला जातो. सीईटीचा पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असतो, तरी एक तृतीयांश प्रश्न इंग्रजीचे असतात. माझ्या वेळी १५० पैकी ५० होते. आता पेपर १२० प्रश्नांचा आणि दोन तासांचा झाला आहे आणि त्यात ते ४० आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे मॅडमनी घोकून घेतलं. बारावीला इंग्रजी राहिलेल्या आमच्यासारख्यांना दर शनिवारी अजून तासभर तरी हवा होता. मी घरी मुलीचं नववीचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसायचे. ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांना एक दिलासा: महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेपासून. उच्च न्यायालयात इंग्रजीशिवाय चालत नाही, आणि निकाल वाचायला तर ते लागतंच. पण तालुक्याच्या कोर्टात उलटतपासणी मराठीत होते, साक्षीदार मराठीत बोलतो, आणि तिथे आपल्याला कमीपणा नाही.

उणिवा स्पष्ट लिहिते. सामान्य ज्ञानाच्या झेरॉक्स जुन्या होत्या आणि काही पानं तर वाचताच येत नव्हती. चालू घडामोडींसाठी आम्ही शेवटी वर्तमानपत्रावरच भिस्त ठेवली. सीईटी संगणकावर होते, आणि क्लासमध्ये सगळा सराव कागदावर. ज्यांनी आयुष्यात माउस फारसा धरला नाही त्यांच्यासाठी ही मोठी त्रुटी आहे. अंगणवाडीच्या ताईंना परीक्षेत पुढच्या प्रश्नावर जायला वेळ लागत होता, त्यात त्यांचे गुण गेले. मी एका सायबर कॅफेत ऑनलाइन सराव केला म्हणून निभावलं. क्लास दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि चढ उंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अवघड. पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते आणि खिडक्या लावाव्या लागतात. पार्किंग नाही म्हटलं तरी चालेल. सर दिवसा फोन उचलत नाहीत, रात्री उशिरा मेसेजला उत्तर देतात. या वर्षी बॅच बरीच मोठी केली आहे असं ऐकलं, ते मला बरं वाटलं नाही; प्रत्येकाचे कागद आणि प्रत्येकाचं कलम बघायला सरांना वेळ उरला पाहिजे.

एक रविवार सर फक्त पैशावर आणि वेळेवर बोलतात. हा तास चुकवू नका, आणि शक्य असेल तर नवऱ्याला किंवा बायकोला सोबत घेऊन जा. सर बसू देतात. मी यांना घेऊन गेले होते. तिथे जे कळलं ते असं. दूरस्थ एलएलबीवर सनद मिळत नाही, तसल्या जाहिरातींना भुलायचं नाही. कॉलेज नियमित असतं, ७० टक्के हजेरी लागते. नोकरी सांभाळायची तर सकाळच्या तासांचं कॉलेज बघायचं आणि साहेबांशी प्रवेशाआधी बोलायचं. मी माझ्या व्यवस्थापकांशी बोलून साडेअकरापासूनची वेळ मागून घेतली आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बसले. सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बार कौन्सिलचा ४९ क्रमांकाचा नियम आहे. म्हणजे एक दिवस असा येतो की ठरलेला पगार थांबतो आणि वकिलीचं उत्पन्न अजून सुरू झालेलं नसतं. सर फळ्यावर विचारतात, "घरखर्च गुणिले किती महिने?" आम्ही त्याच रात्री हिशेब मांडला आणि भिशी व आरडी त्यासाठी बाजूला काढली. त्यानंतर झालेलं मी सांगते: ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये केली आहे, पण ती शिफारस आहे. तेवढं मिळेलच असं धरून कुणी राजीनामा देऊ नये. सनदेचं शुल्क मात्र खरोखर आवाक्यात आलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की अधिवक्ता अधिनियमात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही: ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हाच आकडा १५,००० ते ४२,००० पर्यंत जायचा. आमच्यासारख्यांना ही फार मोठी सवलत आहे.

क्लास संपल्यावर सरांनी पाठ फिरवली नाही. माझं फौजदारी कायद्याचं शिक्षण भारतीय दंड संहितेवर झालं, आणि एलएलबीच्या मध्यावर, १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. चारचौघांच्या तोंडी असलेलं फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं, खुनाचं ३०२ आता १०३, चोरीचं ३७९ आता ३०३, विवाहितेच्या छळाचं ४९८-अ आता ८५. पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४, एफआयआरचं १५४ आता १७३. तरुण मुलांना पाटी कोरी करून नवे आकडे लिहिणं सोपं गेलं. आम्हाला जुनेही विसरता येत नव्हते, आणि जुन्या गुन्ह्यांच्या केसेस तर जुन्याच संहितेनं चालणार. सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना रविवारी संध्याकाळी बोलावून, एक पैसा न घेता, दोन्ही कायदे समोरासमोर ठेवून वाचून घेतले. बार परीक्षेत बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतो, टिपणं चालत नाहीत, आणि पास व्हायला खुल्या व ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. त्या वाचनामुळे पुस्तकात कुठे काय आहे ते बोटांना ठाऊक झालं होतं.

कोल्हापुरात हे करण्याला आता आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अशा सहा जिल्ह्यांची अपिलं इथे येतात. पूर्वी एका तारखेसाठी लोक रात्रीची गाडी धरून मुंबईला जायचे. ज्येष्ठ वकिलांना फाइल नीट लावणारे, कागद समजणारे ज्युनिअर हवे आहेत, आणि त्या कामात वयाचा अनुभव उपयोगी पडतो हे मी स्वतः पाहतेय. शाहू महाराजांनी अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या ते हेच गाव. इथे कुणी "या वयात, या गुणांवर वकील?" असं म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

कुणी हा क्लास लावू नये तेही सांगते. नुकतीच पदवी झालेल्या, मुंबई-पुण्यातल्या वरच्या क्रमांकाच्या कॉलेजात प्रवेश हवा असलेल्या मुलामुलींना इथला वेग पुरणार नाही. त्यांनी भरपूर ऑनलाइन सराव परीक्षा देणारा क्लास पाहावा. मला सीईटीला १५० पैकी ८४ मिळाले. ते कोल्हापुरात प्रवेशाला पुरले, पण सगळीकडे पुरले नसते.

माझ्या वेळी फी ९,००० होती, दोन हप्त्यांत. आता १२,००० आहे आणि हप्ते अजूनही मिळतात. शनिवारी दुपारी चारला कागद तपासून देतात, त्याचे पैसे नाहीत. जाताना दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र न्यावं. लग्न झालेल्या बायकांनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचं राजपत्र आधी काढून ठेवावं. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असतं, पदवीवर सासरचं, आणि प्रवेशाच्या गडबडीत सगळ्यात जास्त धावपळ त्या एका कागदापायी होते.